तहकूब न झालेली ग्रामसभा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुम्ही कुठं होता नोकरीला?" मी म्हणते, "स्वराज्यात." बाई मान डोलावते. तिला ते एखाद्या दुकानाचं नाव वाटतं, आणि त्यात तिची काही चूक नाही. आमच्या कोल्हापुरात स्वराज्य नावाचा चहा मिळतो, मिसळ मिळते, पाइप आणि फिटिंगचं सामानही मिळतं. उसाच्या ट्रॅक्टरवर ते नाव रंगवलेलं असतं आणि तरुण मंडळाच्या फलकावर तर असतंच असतं. मी मात्र खरोखरच स्वराज्यात होते. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांना सरकारी भाषेत 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतात. त्यातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे ग्रामपंचायतीत, मी ग्रामसेविका म्हणून लागले आणि उभी नोकरी त्याच पायरीवर काढून आता घरी बसले आहे.

ग्रामसेवकाचं काम शहरातल्या माणसाला समजावणं अवघड जातं. सरपंच गावानं निवडलेला असतो, आम्ही सरकारनं नेमलेले. गावानं ठरवायचं, सरपंचानं पुढं व्हायचं आणि ते सगळं नियमात बसवून करून घ्यायचं ते आम्ही. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात रस्त्यावरचा दिवा गेला, गटार तुंबलं, वानर कौलांवर चढलं, जावई आलाय आणि नळाला पाणी नाही, तरी हाक ग्रामसेवकालाच. एकदा एक सासू सुनेनं केलेली आमटी डब्यात घालून पंचायतीत घेऊन आली. "तुमीच खाऊन सांगा, ह्येला आमटी म्हंत्यात?" मी खाल्ली. झकास होती. तसं सांगितल्यावर त्या सासूनं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

गावोगावी ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणतात. मी पहिल्यांदा एका गावात रुजू झाले तेव्हा लोकांची पंचाईत झाली. बाईमाणसाला काय म्हणायचं? काहींनी 'मॅडम' म्हणून बघितलं, पण ते त्यांना शाळेतलं वाटायचं. शेवटी सगळे मुकाट्यानं भाऊसाहेबावर आले. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळं ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. माझ्या नवऱ्याला मात्र फोनवर "भाऊसाहेब हाईत का?" असं कुणी विचारलं, की काही वर्षं तो "राँग नंबर" म्हणून फोन ठेवायचा.

या नोकरीत स्वराज्याचे इतके अर्थ ऐकले, की त्यांचं वेगळं दुकान काढता येईल. जयसिंगपूरजवळच्या एका गावात होते तेव्हा एकानं सांडपाणी सरळ रस्त्यावर सोडलेलं. मी समजावायला गेले, तर तो दारातच पाय रोवून उभा. "भाऊसाहेब, स्वराज्य आलंय न्हवं? मग माझ्या मोरीत तुमचं काय काम?" त्याच्या लेखी स्वराज्य म्हणजे आपल्याला कुणी काही विचारायचं नाही. शेजाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी आपलंही पाणी सोडलं, ते उतारानं ह्याच्याच दारात आलं, आणि तिसऱ्या दिवशी मोरीचं पाणी गटाराला जोडायला हा स्वतःहून माझ्यापुढं हजर. त्याच गावात एक जैन आजोबा पंचायतीचे सदस्य होते. सूर्य मावळायला आला की सभा कितीही रंगात असो, ते उठायचे, कारण जेवण दिवस मावळायच्या आत. एकदा कुणीतरी चिडवलं, "आजोबा, गावाच्या स्वराज्यापरीस तुमचं जेवान मोठं व्हय?" ते शांतपणे चप्पल घालत म्हणाले, "माज्या जिभंवर माजं राज्य हाय, बाबा. तुजं किती हाय त्येवडं बघ." चिडवणाऱ्याच्या तोंडात तेव्हा तंबाखूचा मावा होता. सगळी सभा हसून लोळली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट कागल तालुक्यातली. नोकरीची शेवटची वर्षं तिथल्या एका गावात गेली. गावाचं नाव सांगत नाही. तिथं दोन गट आहेत, आणि दोन्ही गटांत दिवाळी अंक वाचणारी माणसं आहेत.

आधी तहकुबीची भानगड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ग्रामसभा ही सगळ्या मतदारांची सभा. गावाचं खरं स्वराज्य कुठं असेल तर ते तिथं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. तिला ठरावीक माणसं हजर असावी लागतात, आमच्या गावाला शंभर. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, म्हणजे पुढं ढकलायची. आणि नियमाची गंमत अशी, की पुढं ढकललेल्या सभेला शंभराची अट नाही. दहा आले तरी चालतात. हा नियम ज्यानं केला त्यानं चांगल्या मनानंच केला असणार. पण आमची माणसं हुशार. गावोगावी पद्धतच पडून गेली, की पहिल्या सभेला कुणी जायचंच नाही. अर्धा तास थांबायचं, तहकूब म्हणून लिहायचं, आणि आठवड्यानं पंधरा-वीस कारभाऱ्यांनी बसून चहा पिता पिता गावाचं काय ते ठरवून टाकायचं. मीही आख्ख्या नोकरीत अशाच सभा घेतल्या. रिकाम्या सभागृहात अर्धा तास पंखा बघत बसायची इतकी सवय झाली होती, की त्या वेळात मी स्वेटर विणायची. माझ्या दोन्ही भाच्यांचे स्वेटर ग्रामसभेत झालेत.

गावचे सरपंच आण्णा. दुधाच्या डेअरीवर पहाटे स्वतः उभा राहणारा, मयताला सगळ्यात आधी पोचणारा, तालमीच्या पोरांना खुराक देणारा उमदा माणूस. फक्त आपण एकदा मनात आणलं म्हणजे गावानं आणलं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. त्या वर्षी त्यांनी मनात आणली बाग. नदीकाठाच्या सुशोभीकरणाला वरून पैसे येणार होते. हिरवळ, बाकडी, रंगीत दिवे, आणि गावाचं नाव मोठ्या अक्षरांत, लाल बदामासकट, फोटो काढायला. नाव ठरलं 'स्वराज्य उद्यान'. एरवी एका गटानं आज सोमवार म्हटलं, की दुसरा पंचांग काढून मंगळवार आहे म्हणायचा. पण बागेवर दोन्ही गटांचं एकमत झालं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाग होणार होती ती नदीच्या घाटावर. घाट म्हणजे काही दगडी राजेशाही बांधकाम नव्हे. चार मोडक्या पायऱ्या आणि पाण्याच्या कडेला बसवलेले धुण्याचे दगड. नकाशात दगड काढून तिथं जाळीचं कुंपण दाखवलं होतं आणि फाटकावर पाटी, 'येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे'.

मोजमापाला अभियंता साहेबांबरोबर मी घाटावर गेले आणि तिथं शेवंताकाकी दिसल्या. शेवंताकाकी आमच्याच पंचायतीच्या सदस्य. महिलांसाठी राखीव जागेवर दिराच्या गटानं त्यांना उभं केलेलं, निवडूनही आलेल्या. मासिक सभेत पदर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या, आणि आण्णांनी "काकी, मंजूर न्हवं?" म्हटलं की "हां" म्हणायच्या. तीन वर्षांत त्या एका अक्षरापलीकडं मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आणि घाटावर? घाटावर त्यांचा आवाज पलीकडच्या काठावरच्या उसात ऐकू जात होता.

"ए मालू, तुझ्या तीन वाकळा झाल्या, ऊठ आता! गप्पा काय, वाळूत बसून बी हुत्यात. चौगुल्याची नवी सून आलीया, तिला दगड दे!"

मालू नावाची धिप्पाड बाई निमूटपणे उठली. ही मालू म्हणजे विरोधी गटाच्या पुढाऱ्याची बायको. मी विचारलं, हे काय चाललंय. वाळूवर बसलेल्या एका म्हातारीनं सांगितलं, "घाटाचा कायदा हाय. ज्यो त्यो नंबरानं. पर नवी कोन आली, की पयला दगड तिचा. मग ती पाटलाची असूंदे न्हाईतर गड्याची."

"का बरं?"

"तिचं गावात कोन हाय? म्हायेर लांब, सासू मानंवर. एक दगड तरी तिचा असूंदे की."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाडजूड गोधडी. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा घटस्थापनेच्या आधी घरातली यच्चयावत वाकळ धुऊन काढायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवसांत गावातल्या सगळ्या बायका घाटावर लोटतात. कुठल्या गल्लीनं कधी यायचं, कुणी किती वेळ दगड धरायचा, भांडण झालं तर कुणी मिटवायचं, हे सगळं वर्षानुवर्षं ठरलेलं. आणि गेली काही वर्षं तो कारभार शेवंताकाकींच्या हातात. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, कुणी निवडून दिलं नव्हतं. पण त्यांनी ऊठ म्हटलं की पुढाऱ्याची बायको उठत होती.

अभियंता साहेब भला माणूस. म्हणाले, "काकी, आता घरोघरी वॉशिंग मशीन आलीत. घाट कशाला पाहिजे?"

"सायेब," काकी म्हणाल्या, "तुमच्या मशिनीत माझी एक वाकळ घाला. आनि मग त्ये मशीन माझ्याकडं आना, आमी हितं आपटून दुरुस्त करून देतो."

घाटभर हसू फुटलं. साहेब फीत गुंडाळत मोटारसायकलीकडं गेले. मी मात्र काकींना बाजूला घेतलं. बागेचा विषय मासिक सभेत येऊन गेला होता आणि काकींनी नेहमीसारखं "हां" म्हटलं होतं. "काकी, तिथं का बोलला नाहीत?"

त्या जरा वेळ साडीचं टोक पिळत राहिल्या. "तितं माझा आवाज निगत न्हाय वो, भाऊसाहेब. त्या खुर्चीत बसलं की माझं पाय भुईला टेकत न्हाईत. आनि पाय टेकल्याबिगार मला बोलाय येत न्हाय." मग घाटाकडं बघून म्हणाल्या, "घरात सासरा, मग नवरा, आता ल्योक. पंचायतीत आण्णा. मी बोलतो ती हितंच. घाट गेला तर मी बोलू कुटं?"

विषय ग्रामसभेत जाईल, एवढंच मी म्हणाले. आणि ग्रामसभेचं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

मग पावसाळा आला आणि नदीनं घाट गिळला. आमच्याकडं ऑगस्टात नदी वर यायची हे ठरलेलं. मोडक्या पायऱ्या, दगड, सगळं पाण्याखाली. आण्णा खुशीत. "बघा, घाट हाय तरी कुटं?" असं ते गमतीनं म्हणायचे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बागेचा विषय पहिला होता. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तीही अशीच. अंगणवाडी ताई, आशा ताई, दोन-चार सदस्य, एक फोटो आणि चहा.

त्या वर्षी मात्र मी सभागृहात गेले तर बसायला जागा नाही. छत्र्या, खताच्या पोत्याच्या खोळी, ओली पावलं आणि एकच गलका. मला वाटलं कुणीतरी वारलं. आशा ताई म्हणाली, "काय न्हाय भाऊसाहेब. नदी वर आलीया. दोन आटवडं झालं, बायकांना एका जागी बसून बोलाय जागाच न्हाय. म्हनून हितं आल्यात." मी हसले, पण खरं सांगते, त्या क्षणी मला गहिवरून आलं. इतकी वर्षं मी बायकांच्या सभेला बायका याव्यात म्हणून फलक लावले, फोन केले, हळदीकुंकू ठेवलं. जमलं ते नदीला.

मी विषयपत्रिका वाचून दाखवली. बागेचा विषय आला तशी कुजबूज सुरू झाली. मी म्हटलं, तुम्ही विरोधाचा ठराव करू शकता, तो उद्या ग्रामसभेपुढं ठेवला जाईल. पण उद्याची सभा बहुतेक तहकूब होईल, आणि आठवड्यानं कारभारी बसून ठरवतील.

"तहकूब म्हंजे काय वो?" काकींनी विचारलं. त्या खाली जाजमावर बसल्या होत्या.

मी सांगितलं. शंभर माणसं जमली नाहीत तर सभा पुढं ढकलायची. पुढच्या सभेला कितीही चालतात.

"आनि पयल्यालाच जमली तर?"

"तर तीच सभा. तिथं ठरेल ते ठरलं."

"मग बायकांनी यायचं चालतंय?"

"काकी, मतदार म्हणजे मतदार. त्यात बाई-पुरुष नाही."

पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. "असं कदी झालंय?" मालूनं विचारलं.

"माझ्या नोकरीत तरी नाही," मी म्हटलं.

चहा झाला आणि बायका आपापल्या खोळी डोक्यावर घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन झालं. पोरांची भाषणं झाली. आता कोल्हापूरकराला पंधरा ऑगस्ट म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. त्या दिवशी इथं जिलेबी खातात. चौकाचौकात कढया चढतात आणि घरटी पुडा जातो. राष्ट्रगीत संपलं तसे आण्णा, उपसरपंच आणि दोन्ही गटांची मातब्बर मंडळी गाड्या काढून कागलला जिलेबीला गेली. जाताना आण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी तहकूब करून ठेवा. आलोच सह्या कराय. तुमास्नी बी पुडा आनतो."

मी सभागृह उघडलं, पिशवीतून अर्धवट स्वेटर काढला आणि पहिला टाका घालते न घालते तोच दारात मालू. तिच्यामागं तिची जाऊ. मग वरच्या गल्लीतल्या सात-आठ जणी. मग खालच्या गल्लीतल्या. डेअरीला दूध घालून, भाकऱ्या उरकून, पोरं शाळेत ठेवून. एरवी एकमेकींच्या घरचं पाणी न पिणाऱ्या गटांच्या बायका मांडीला मांडी लावून बसायला लागल्या. चौगुल्यांची नवी सून होती. शेवंताकाकी दाराशी उभ्या राहून घाटावरच्यासारख्या एकेकीला आत बसवत होत्या. मी लोकर पिशवीत घातली आणि शिपाई तुकाराम आणि मी डोकी मोजायला लागलो.

मी आण्णांना फोन लावला. तसं करणं माझं कामच होतं. पलीकडं कढईचा आवाज येत होता. "आण्णा, लवकर या. सभेला माणसं जमलीत. शंभर व्हायला आली."

"शंभर?" आण्णा खदखदून हसले. "आपल्या गावात? चेष्टा करताय व्हय भाऊसाहेब! पुडा घेतलाय तुमचा, काळजी करू नका." आणि फोन ठेवला.

अर्धा तास संपत आला. तुकारामनं पुन्हा मोजलं आणि माझ्या कानात सांगितलं, "एक कमी." काही जणींची नावं मतदार यादीत नव्हती, त्या धरता येत नव्हत्या. काकी माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली. एका माणसासाठी नियम वाकवता येत नाही. तो वाकवायची सवय लागली म्हणूनच तर इतकी वर्षं रिकाम्या सभागृहात स्वेटर विणत होते. काकींचा चेहरा पडला.

आणि दारात काठीचा आवाज आला. आण्णांच्या आई. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. गुडघे गेलेले, देवळापलीकडं कधी जात नाहीत. नातवाच्या खांद्यावर हात टाकून चिखलातनं आल्या होत्या.

"आक्का, तुमी?" काकी चाटच पडल्या.

"का? मी मतदार न्हाय व्हय?" आक्का म्हणाल्या. "त्या घाटावर माझं हाड झिजलंय. सरका जरा."

तुकारामनं मोठ्यांदा "शंभर!" म्हटलं आणि सभागृहात जो कल्ला झाला, तो मी कुस्तीच्या मैदानातसुद्धा ऐकलेला नाही.

सरपंच, उपसरपंच नाहीत, म्हणजे हजर सदस्यांतून सभेनं अध्यक्ष निवडायचा. सदस्यांपैकी आलेल्या एकट्या शेवंताकाकी. मालूनंच नाव सुचवलं. मी मधली खुर्ची पुढं ओढली. काकींनी खुर्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खुर्ची बाजूला सारून स्टेजच्या पायरीवर बसल्या. दोन्ही पाय फरशीवर घट्ट टेकलेले. मग आवाज लावला, थेट घाटावरचा.

"एकेकीनं बोलायचं! नंबरानं! नवी कोन हाय? नवीनं पयलं बोलायचं!"

नियमात असं काही नाही. करू नये असंही नाही. चौगुल्यांची सून उठली. निपाणीकडच्या कानडी घरातली पोर, मराठी अडखळत, पण धीट. "काकी, बाग वरती करा की. घाट खाली हाय. दोनी राहतंय की." एवढं बोलून ती लाजून बसली. दोन्ही गटांच्या एकाही पुढाऱ्याला, अभियंत्याला किंवा मला हे सुचलं नव्हतं.

मग गल्लीगल्लीनं नंबर लागले. पायऱ्या दुरुस्त करा. ओली साडी बदलायला आडोसा बांधा. दिवा रंगीत नको, नुसता लागणारा द्या. एक म्हातारी म्हणाली, बागेत बाकडी ठेवा, म्हंजे बाप्यांना घाटाकडं तोंड न करता बसाय सांगता यील. मी लिहून घेत होते आणि हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. आण्णा दारात आले. खिशाला तिरंगा, हातात जिलेबीचे पुडे, मागं दोन्ही गट. आत बघून पाऊल तिथंच अडलं.

"भाऊसाहेब, ह्ये काय?"

"ग्रामसभा."

"तहकूब न्हाय केली?"

"भरली, आण्णा. मी सांगत होते फोनवर."

त्यांचा चेहरा लाल झाला. "ह्ये कायद्यात बसतंय का?"

"आण्णा, मी आजवर इतक्या सभा घेतल्या, त्यात ही एकच पुरती कायद्यात बसतीय."

आण्णा काहीतरी कडक बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून काठी आपटली. "बाळ्या! खाली बस. तुझा नंबर मागनं हाय."

सरपंचांना भर सभेत बाळ्या! क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. आणि मग सगळ्यात आधी आण्णाच हसले. इतके हसले, की डोळे पुसत जाजमावरच बसले, मागच्या रांगेत, पुडे मांडीवर घेऊन. त्यांच्यामागं दोन्ही गट बसले. नंबर आल्यावर आण्णा उठून म्हणाले, "घाट र्‍हाऊंदे. आईपुढं मी काय बोलू? फकस्त बागंचं नाव स्वराज्य र्‍हाऊंदे, एवढी विनंती."

काकी पायरीवरून म्हणाल्या, "ठेवा की! वरचं तुमी सांभाळा, खालचं आमी सांभाळतो."

हात वर झाले. सगळे. मग जिलेबी वाटली, तीही नंबरानं, नव्या सुनेपासून. माझा पुडा आण्णांनी स्वतः आणून दिला. म्हणाले, "चेष्टा समजलो हुतो वो मी." जिलेबी गार झाली होती. तशी गोड जिलेबी मी त्यानंतर खाल्लेली नाही.

पुढच्या सभेला पुरुषमंडळी सभेच्या तासभर आधी येऊन जागा धरून बसली. बायकांनी पुन्हा डाव साधू नये, एवढाच हेतू. पण सभा भरली ती भरलीच. त्यानंतर त्या गावची ग्रामसभा तहकूब झालेली नाही, आणि माझा तो अर्धा विणलेला स्वेटर अजून पिशवीत आहे.

पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. दोन्ही गटांनी वेगवेगळे सत्कार केले. दुसऱ्या दिवशी कसबा बावड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी उठले आणि काय करावं सुचेना. कपाटात आईची वाकळ होती. तिच्याच लुगड्यांची, तिनंच शिवलेली. मशीनमध्ये मावत नाही म्हणून कितीतरी वर्षं नुसती उन्हात टाकत होते. घटस्थापना तोंडावर आलेली. वाकळ स्कूटरवर बांधली आणि गावाला गेले.

वर बाग झाली होती. मोठ्या अक्षरांसमोर पोरं फोटो काढत होती. बाकड्यांवर म्हातारे बसले होते, घाटाकडं पाठ करून. खाली नव्या पायऱ्या, आडोसा आणि दगडांवर गर्दी. मला बघून सगळ्यांनी हाका मारल्या. मी वाकळ घेऊन सरळ पाण्याकडं निघाले. मनात कुठंतरी होतंच, आपल्याला कोण अडवणार? इथल्या पायऱ्यांचा ठराव माझ्या हातचा.

"भाऊसाहेब!" शेवंताकाकींचा आवाज आला. "कुटं निघालासा? नंबर हाय हितं."

सगळ्या बायका हसल्या. मी ओशाळून थांबले, आणि आतून इतकी खूश झाले की सांगता येत नाही. आख्खी नोकरी ज्याच्यासाठी केली ते हेच, असं वाटलं. वाकळ उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

आक्का पायरीवर पाय सोडून बसल्या होत्या. काठीनं त्यांनी काकींना ढोसलं. "अगं शेवंता, ही ह्याच्या आदी घाटावर धुयाला कदी आलीया का?"

काकी विचारात पडल्या. "न्हाय, आक्का. साहेबीण म्हनून आलती. धुयाला पयलीच बारी."

"मग?"

काकींनी पदर खोचला. पुढच्या दगडावर मालू बसली होती. "ए मालू, ऊठ. नवी आलीया."

मालू उठली. दगड मोकळा झाला, ओला, चकचकीत. त्या गावात मला 'भाऊसाहेब' सोडून दुसरी हाक कुणी मारली नव्हती. पायरीवरून आक्का म्हणाल्या, "ये, सूनबाई."